नावाड्याच्या मुलीचे दुसरे लग्न

सातारा,
सोमवार, ११ मार्च १९७४

प्रिय नाथाजीराव,

तुमची पत्रे उशीखाली आणि त्यांची खरी उत्तरे पोटात, असे माझे तीन आठवडे गेले. आज सकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर केस वाळवत बसले होते, तेव्हा एकाएकी ध्यानात आले की आपण गुणगुणतो आहोत. माझ्या खोलीतली रशीदा म्हणाली, "उतरला का गं ताप?" ताप नव्हताच, पण उतरला खरा. पत्र जाड आहे म्हणून घाबरू नका. जे सांगायचे आहे ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला सांगताच येणार नाही.

तुम्ही कुंडलला मला पाहायला आलात तेव्हा तुमच्या आत्याबाईंनी मला चालायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला, पेपर वाचायला दिला. मग तुम्हाला म्हणाल्या, "नाथा, तुला काय इचारायचं तर इचार." तुम्ही विचारलेत, शेवटचा सिनेमा कोणता पाहिला. आत्याबाई म्हणाल्या, "आरं, भाकरी थापाय येती का इचार. सिनेमा काय ताटात वाढणार हाय व्हय?" मी मान खाली घालून सिनेमाचे नाव सांगितले आणि वर म्हणाले, की शेवटची मारामारी उगाच लांबवली आहे. चौकटीआड आईने कपाळाला हात लावला. तुम्ही हसला नाहीत. "मलाबी तसंच वाटलं," एवढेच म्हणालात. त्या एका वाक्यावर मी आठ दिवस काढले.

मग रशीदाच्या नावावर तुमची पत्रे येऊ लागली. ती आष्ट्याची, तुमच्याच गल्लीजवळची, म्हणून कुणाला काही वाटले नाही. त्या पत्रांत सिनेमांखेरीज एक अक्षर नसायचे. दरोडेखोरांच्या सिनेमात नायक मेला त्यापेक्षा त्याचा घोडा मेला याचे तुम्हाला जास्त वाईट वाटले. डिझेल इंजिने दुरुस्त करणारा माणूस घोड्यासाठी हळहळतो, हे वाचून मला बरे वाटले. आंधळ्या गायकाचा सिनेमा तुम्हाला आवडला, मला नाही. आंधळा माणूस आरशासमोर भांग कसा पाडतो, असे मी विचारले, तर तुम्ही लिहिलेत, "सवयीने." त्यावर रशीदा आणि मी पोट धरधरून हसलो.

आता आमच्या घरचे. शाळेची पायरी चढलेली आमच्यात मी पहिली. म्हणून आबांना वाटते, हिला सगळे कळते. संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा ते म्हणाले, "तू शिकलीयास. सतरा मार्चच्या आयतवारी मी आष्ट्याला जानार. व्हय म्हणू का न्हाई, ते तूच सांग." आमच्याकडे असे कुणी मुलीला विचारत नाही. आबांनी विचारले, कारण आमच्या तानूआक्काच्या वेळी त्यांनी कुणालाच विचारले नव्हते. मुलगा मॅट्रिक पास, नोकरी कायमची, असे पाहुण्यांनी सांगितले होते. दोन्ही खोटे निघाले. आक्का चार वर्षे झाली माहेरीच आहे. ती मला म्हणाली, "मोठं खोटं पयल्या दिवशी कोन बोलत न्हाई, अंजे. आदी बारकं बारकं बोलून बगत्यात, खपतंय का." तेव्हापासून मी कुणाचेही बोलणे ऐकताना आधी त्यातले बारके खोटे शोधते. ही सवय चांगली नाही, हे मला कळते.

अशात तुमचे नावाड्याच्या मुलीच्या सिनेमावरचे पत्र आले. तो सिनेमा मी इथे साताऱ्यात, वसतिगृहाच्या बाईंची परवानगी काढून, रविवारी दुपारी पाहिला होता. मध्यंतराआधी होड्यांत दिवे लावून तिचे लग्न होते. मग सासू तिला घराबाहेर काढते. सासू आजारी पडते, तेव्हा तीच पोर औषध घेऊन पुरात होडी घालते आणि बुडते. किनाऱ्याला नुसते वल्हे लागते. आम्ही सगळ्या मुली डोळे सुजवून परतलो होतो. आणि तुम्ही काय लिहिलेत? "शेवट फार आवडला. सासूने चूक कबूल करून सुनेचे पुन्हा थाटात लग्न लावून दिले. चुकले तिथून नव्याने सुरू करावे, असे फार थोड्या माणसांना सुचते. फक्त सासूचे पांढरे झालेले केस लग्नात काळेभोर कसे, ते कळले नाही. दुखण्यातून उठल्यावर कलप लावला असावा."

मी ते पत्र चारदा वाचले. पाहिलाच नसेल का सिनेमा? मग लिहिले कशाला? आणि तो कलप! खोटे बोलणारा माणूस असाच नको तितका तपशील देतो, आमच्या मेहुण्यांनी तर साहेबाच्या टेबलावरच्या फुलदाणीचा रंगसुद्धा सांगितला होता. माझे जेवण तुटले. एवढ्याशा सिनेमापायी न्हाई कळवायचे, तर आबांना कारण काय सांगू? आणि व्हय कळवले, आणि उद्या मीही आक्काशेजारी येऊन बसले, तर?

शेवटी रशीदाच म्हणाली, "नुसती झुरू नकोस. त्यांनी पाहिला तो सिनेमा अजून आमच्या आष्ट्याच्या तंबूत चालू आहे. चल." परवा शनिवारी तिच्या घरी गेले. हाजराबींनी, म्हणजे तिच्या आईने, काही विचारले नाही, पोटभर जेवू घातले. संध्याकाळी पहिल्या खेळाला पदर नाकापर्यंत ओढून मी तंबूत बायकांच्या बाजूला वाळूत बसले. कनातीपलीकडे तुमच्या घरचे कुणी असेल या भीतीने मी खोकलेसुद्धा नाही.

आणि नाथाजीराव, मध्यंतर झाले तरी लग्न झालेच नाही! मुलगी माहेरच्या होडीतून उतरली ती थेट सासरच्या चुलीपुढे. कुणाला काही वाटले नाही. पुढे पूर आला, तिने होडी घातली, यंत्र थांबले, दिवे लागले, रीळ बदलले, आणि पडद्यावर सगळीकडे दिवेच दिवे. होड्या, वाजंत्री, नवरी, आणि काळ्याभोर केसांची सासू डोळे पुसते आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "हिची सासू बरी म्हनायची. माझी असती तर काटावर हुबी ऱ्हाऊन पूर मोजत बसली असती." मी तोंडात पदर कोंबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नगं बाय, झालं की लगीन."

खेळ सुटल्यावर रशीदाने मला तंबूच्या मालकांकडे, पीरमहंमद चाचांकडे नेले. ते सांगू लागले, "पयल्या दिवशी पोरगी बुडवली. बाया रडत घरला गेल्या, दुसऱ्या दिवशी बायांच्या बाजूला काळं कुत्रं न्हाई. तवा बुडायचं रीळ डब्यात ठिवलं, लग्नाचं मधनं काडलं आन शेवटाला लावलं. तीन आठवडे झालं, तंबू हलवू देईनात लोकं." मी म्हटले, "पण चाचा, हे खोटं झालं." त्यांना राग आला. "खोटं कसं गं पोरी? रीळ त्येंचंच हाय. म्या आदीचं मागनं वाढलं, येवडंच. माझ्या तंबूत कुनाची लेक मरत न्हाई."

म्हणजे तुम्ही जे पाहिलेत तेच लिहिलेत, केसांच्या रंगासकट. त्या रात्री हाजराबींच्या घरी मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा कूस न बदलता झोपले. इथे परतल्याबरोबर आबांना कार्ड टाकले. कार्ड पोस्टमन साऱ्या आळीला वाचून दाखवतो, म्हणून त्यात एवढेच लिहिले, "माझे उत्तर होय. बाकी क्षेम."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुमचा तो शेवट वाचल्यावर मी तुम्हाला विचारले होते, की नावाड्याच्या झोपडीतला बोलका पोपट कसा वाटला. तुम्ही उत्तर दिलेत, की पोपट पाहिल्याचे आठवत नाही. आणि चार दिवसांनी पुन्हा लिहिलेत, की खास पोपटासाठी परत जाऊन अगदी पडद्याजवळ बसलो, मान दुखली, तरी दिसला नाही, माझेच लक्ष नसेल. नाथाजीराव, पोपट नाहीच. साताऱ्यातही नाही. तुम्ही हो म्हणता का ते पाहायला तो मी रचला होता. तुम्ही नाही म्हणालात, तरी बुडालेल्या मुलीचे लग्न कसे लागले हे कोडे परवापर्यंत उरलेच. आपल्या साऱ्या पत्रांत खोटे एकच आहे, आणि ते माझे आहे. हे तुम्हाला न कळता माझा होकार तुमच्या दारात यावा, हे मला बरे वाटेना. आबा रविवारी सकाळच्या एसटीने येतील. हे पत्र त्याआधी पोचेल. वाचून मन मागे आले, तर त्यांना गूळपाणी द्या आणि या साली कर्तव्य नाही म्हणा. ते समजून घेतील, मीही घेईन, आणि कुणापाशी तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. पण मन मागे आले नाही, तर आबांजवळ फक्त इतका निरोप द्या, की तुमची मान आता कशी आहे.

'तुमचीच' लिहायला रविवार उलटायचा आहे, म्हणून सध्या नुसतीच,

अंजना