रूळ उचललेली लाइन

नाना, तुमची लाइन बघून आले. लाइन म्हणजे काय, रूळ कधीच भंगारात गेले, उरलाय तो नुसता बांध, आणि त्यावरून आता बैलगाड्या जातात. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं होतं, त्याच्या पुढची ही दिवाळी; ताई धुळ्याहून माझ्याकडे सुरतेत नवागामला आली. आई गेल्यापासून माझंच घर तिचं माहेर. आल्या आल्या हट्ट धरून बसली, छोटी गाडी जायची ती जागा मला एकदा बघायचीय, चल. मी कशाला हवी होते? मी पाळण्यात असतानाच लाकडाच्या वखारवाल्यांनी ती लाइन बंद केली आणि तुम्ही आम्हाला उधन्याला घेऊन आलात, लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात. बघणार ती, दाखवणार ती. मी आपली पिशवी धरायला.

जंगलाकडच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो, तशी ही पंचेचाळिशीची बाई पोरीसारखी सुटली. इथे नाना भाकरी सोडायचे. ह्या पुलाच्या खांबावर मला बसवायचे. एका शेताच्या फाटकाला रुळांखालचे जुने सागवानी स्लीपर उभे केले होते, त्यांच्यावरून तिनं बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. तुम्ही चाबीवाले, हातोडा खांद्यावर टाकून रोज लाइन चालणारे, रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकून घट्ट करणारे. आणि ताई तुमच्या मागे मागे, गोष्टी ऐकत. गोष्टी, नाना! तुम्ही गोष्टी सांगायचात? खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाची लाही लाही होत होती. ती एकेक जागा दाखवत होती आणि मी हं हं म्हणत दात आवळून चालत होते.

माझ्या वाट्याला आलात ते केसांत सुताचा कचरा घेऊन येणारे, मागांच्या खडखडाटानं कान गेलेले, ताटावर 'मीठ' एवढंच बोलणारे. ताईला सगळा बाप मिळाला, मला उरलासुरला. रात्रपाळी असली की मला शाळेत न्यायला-आणायला यायचात, तेवढीच काय ती आपली सोबत. तिथेही तुमची तऱ्हा. जाताना दुकानांच्या बाजूनं, येताना गटाराच्या बाजूनं, ऊन असो की चिखल. एकदा येतानाही मी मुद्दाम दुकानांच्या सावलीतूनच आले. निम्म्या रस्त्यात तुमच्या लक्षात आलं. थांबलात आणि म्हणालात, "ज्या बाजूनी गयी, त्याच बाजूनी उनी? मंग ती बाजू कोन देखी?" पलीकडची बाजू कोण बघणार, म्हणे! बखोटीला धरून मला शाळेच्या फाटकापर्यंत परत नेलंत आणि गटाराच्या बाजूनं पुन्हा घरी आणलंत. वरून ऊन, पायात काही नाही. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही, तुम्हाला ते कळलं तरी का कोण जाणे. माझा बाप विक्षिप्त, ही गाठ तेव्हा बसली ती बसलीच.

तो बांध उसाच्या शेतात जाऊन संपतो. तिथून आम्ही परत फिरलो. मी आले त्याच कडेनं निघाले होते, तर ताईनं दंड धरून मला पलीकडच्या कडेला ओढलं.

"अगं, तिकडून नाही. नाना जाताना एक रूळ बघायचे, येताना दुसरा. दुसरा न बघता घरी गेलं तर गाडी उलटेल म्हणायचे."

माझे पाय जागीच थांबले. काय झालं, ताई विचारायला लागली. चप्पल चावतेय म्हटलं. मग पार फाट्यापर्यंत मी तिच्या मागून चालले, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून. लाइन गेली, हातोडा गेला, आणि तुम्ही उधन्यात माझा हात धरून रोज दोन्ही बाजू बघत होतात. कुठली गाडी उलटणार होती तिथे, नाना? आणि मी मूर्ख, पोळलेले तळपाय तेवढे लक्षात ठेवून बसले.

परतीच्या बसमध्ये ताईनं माझा हात हातात घेतला. "तुझ्या वाट्याला नाना आलेच नाहीत गं," म्हणाली. मनापासून म्हणाली, तिच्या पोटात पाप नाही. शाळेचा रस्ता अगदी माझ्या ओठांवर आला होता. पण सांगितला असता तर बाईनं तोही आपल्या लाइनीला जोडून टाकला असता. मी गिळला. "हो ना," म्हटलं, वर पदरानं डोळेही पुसले.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकणार? गव्हाच्या डब्याखाली ठेवीन. काल ताईला धुळ्याच्या गाडीत बसवून आले. स्टँडवरून परत निघाले, अर्ध्या रस्त्यात आठवलं, तशी स्टँडपर्यंत मागे फिरले आणि पलीकडच्या बाजूनं घरी आले. ताईला हे मी कधीच सांगणार नाही.