नावापुढचं अक्षर

३ फेब्रुवारी, सोमवार

काढणार म्हणे! सगळं काढणार!

चेन्नईहून आलेली इंजिनियर शमीमा सकाळीच माझ्या टेबलाशी येऊन उभी. आमच्या ईरोडच्या आणि तिकडच्या तिरुनेलवेलीच्या विणकर संघाची माहिती आता एकाच डेटाबेसमध्ये जायची आहे, त्यासाठी तिला आणलंय.

"नल्लतंबी सार, तुमच्या तक्त्यांत प्रत्येक रकान्याच्या नावापुढे 'पी' आणि रेघ कशाला?"

म्हटलं, "पी म्हणजे पट्टियल. यादी."

"विणकराच्या गावापुढे पण यादी? साडीच्या रंगापुढे पण?"

"नियम आहे तो. मी केलेला."

"पण का, सार?"

"कॉफी घे, गार होतेय."

४ फेब्रुवारी

अक्का म्हणाली, "तंबी, इडली चटणीत बुडवून कुठे बघत बसलायस?" कुठे नाही.

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय!

९८ साल. दिवाळी तोंडावर. नवा डेटाबेस नुकताच बसवलेला. साड्यांच्या बाराशे मागण्या पडून, आणि यंत्र एकही आत घेईना. नुसतं 'चूक आहे'. काय चूक, ते सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं! मी आणि पूंगोदै दोन दिवस पडद्यापुढे. ती वर्षभरापूर्वीच संघात नोकरीला लागली होती. दुसऱ्या दुपारी तीच ओरडली — "सार, 'ऑर्डर' हा त्याचा स्वतःचा शब्द आहे! माहिती ओळीने लावायला तो हाच शब्द वापरतो. त्याने राखून ठेवलेला शब्द आपण रकान्याला दिलाय."

खरंच की! मग शोधत गेलो. 'ग्रुप' राखीव, 'युजर' राखीव. मी डोकं धरून बसलो. ती हसली. "पुढे एक अक्षर लावा ना, सार. आपल्यात बिनअक्षराचं नाव असतं का कुणाचं?"

नसतंच. मी टी. नल्लतंबी, बाप तंगवेलू. ती के. पूंगोदै, बाप करुप्पय्या. लग्न झालं की बाई बापाचं अक्षर सोडते आणि नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावापुढे लावते.

"कुठलं लावू?" मी विचारलं.

"तुमच्या मनात असेल ते."

मी पी लावलं. दोनशे चौदा रकान्यांना! राखीव शब्द जेमतेम पाच होते. ती शेजारी बसून बघत होती. पोंगल झाल्यावर तिची तिरुनेलवेलीला बदली झाली. बस स्टँडवर मी तिची ट्रंक टपावर चढवून दिली आणि म्हणालो — "तिकडे ऊन फार असतं." गाढव!

६ फेब्रुवारी

संघाच्या पत्रकात तिचं नाव अजून के. पूंगोदै असंच येतं. पण नोकरीच्या कागदांत पुष्कळ जणी बापाचंच अक्षर ठेवतात. त्यावरून काय समजायचं? फोन करून विचारायला सव्वीस वर्षं होती माझ्याकडे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शमीमाशी भांडलो. आवाज चढवला, लाज वाटली नंतर. म्हटलं, अक्षर काढलंस की पुन्हा त्या राखीव शब्दांशी गाठ आहे! तिने शांतपणे कागद पुढे केला. "नुसतं अक्षर नाही काढत, सार. 'ऑर्डर'चं 'साडी मागणी' करते, 'ग्रुप'चं 'विणकर गट'. नाव पुरतं सांगितलं की त्या शब्दांच्या वाटेला जावंच लागत नाही."

बरोबर आहे तिचं. पुरतं सांगितलं असतं तर!

जाताना दारात थांबली. "सार, पी कोण?"

मी फायलीत डोकं घातलं.

"बरं. सोमवारपर्यंत थांबते मी."

१० फेब्रुवारी, सोमवार

सही केली. तीन महिन्यांत निवृत्त होईन. माझ्या मागून येणाऱ्याच्या गळ्यात हे कशाला? शमीमाने कळ दाबली आणि अर्ध्या मिनिटात दोनशे चौदा नावांपुढचं अक्षर गेलं. सव्वीस वर्षं रोज ते बोटाखाली यायचं. कुणाला न सांगता रोज तिचं नाव घेत होतो मी, दुसरं काय! वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

शमीमाने घरून आणलेलं हरभऱ्याचं सुंडल माझ्यापुढे ठेवलं आणि आपल्या जागेवर गेली.

११ फेब्रुवारी

बोट अजून आपोआप पी-कडे जातं.

१३ फेब्रुवारी

तिरुनेलवेलीचे तक्ते आज उघडले. प्रत्येक नावापुढे 'एन' आणि रेघ. प्रत्येक! जुन्या तक्त्यांत आहेच, गेल्या महिन्यात केलेल्यातही आहे. शमीमाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिकडे फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. "मॅडम, इकडचं अक्षर आम्ही काढलं. तुमचंही काढू?"

पलीकडून तोच आवाज —

"तुमच्या सारना विचारा. अक्षर त्यांचं आहे."