विमान ताब्यात आलं

२१ ऑगस्ट, दुपार

चिऊ बाळा, आशीर्वाद.

फोनवर बोलताना तुझी आई शेजारीच असते, म्हणून पत्र लिहितोय. अक्षर लागलं नाही तर हसू नकोस; सही सोडून हातानं काही लिहिल्याला जमाना झाला.

विमान अखेर ताब्यात आलं. छोटंसं, दोन इंजिनांचं जेट. आधीचा मालक सिमेंटवाला, हौशी माणूस. आसनांचं कातडं अजून मऊसूत आहे. एका बाजूच्या खुर्च्या काढून स्ट्रेचरची आणि ऑक्सिजनची सोय करून घेतली. फोटो बघून तुझी आई म्हणाली, "जन्मभर बसच्या खिडकीसाठी भांडले, आता अख्खं विमान मिळालं तर आडवं पडून जायचं! खिडकी गेलीच की हो हातची." हसता हसता तिला धाप लागली. हल्ली तिला हसवायचीही भीती वाटते.

हा खटाटोप कशासाठी, ते तुला ठाऊक आहेच. जुळणारं फुफ्फुस मिळाल्याचा फोन आला, की काही तासांत त्या लांबच्या इस्पितळात पोचायचं. रस्त्यानं ते शक्य नाही आणि प्रवासी विमान आपल्यासाठी थांबत नाही.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. तो फोन येऊन गेला.

व्यवहार ठरला होता, पण तपासणीला आलेल्या मेकॅनिकबाईंनी इंजिनात नळीचा कॅमेरा घालून पाहिलं. विमान बरेच दिवस समुद्राजवळ नुसतं उभं होतं. आतल्या पात्यांना गंज धरलेला. "यात पेशंट न्यायचा असेल तर मी सही करणार नाही," म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मीच म्हटलं, उतरवा इंजिन. ते वर्कशॉपात उघडं पडलेलं असताना फोन वाजला. तोवर सांगून ठेवलेलं भाड्याचं विमान दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेलं. मी दिसेल त्या कंपनीला फोन लावत सुटलो. आई चपला घालून, बॅग मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीत बसून होती. शेवटी इस्पितळातून निरोप आला, आता थांबता येणार नाही, फुफ्फुस दुसऱ्या पेशंटला देतोय. तिनं वाकून चपला काढल्या. "जाऊ द्या, कुणाच्या तरी घरी आनंद झाला असेल," म्हणाली.

कुणावर तरी चिडावं म्हणतो, तर माणूसच सापडत नाही.

पुढे इंजिन बसलं, चाचणी झाली. मी बसून आलो. सुरेख उडतं गं. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही. यादीतून नाव काढावं लागलं." हे तिला सांगायला जीभ रेटत नाही. ती अजून फोन उशाशी घेऊन झोपते.

तुला बोलवायचा विषय काढला की म्हणते, "पोरीला कामं टाकून यायला लावू नका. ती अशी अचानक दारात दिसली, तर मला कळेल काय ते."

म्हणून पुढच्या शनिवारी विमान तुझ्याकडे पाठवतोय. पायलटशी बोललोय. आल्यावर आईला म्हण, बाबांना नवं विमान मिरवायचं होतं, म्हणून बसून आले. मी शेजारी उभा राहून वाट्टेल तेवढ्या बढाया मारीन. तू फक्त जिन्यातच डोळे पुसून मग आत ये.

वाट पाहतोय, आणि ती पाहतोय हे घरात कळू देत नाहीये, असा

तुझा बाबा