पाच हजाराला बावीस कमी

रविवार, २ फेब्रुवारी

शून्य. दुसराच चेंडू. आत आला, पॅडवर आदळला, अंपायरचं बोट वर! मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, सरळ चालू लागलो. कप्तानाने कुरकुर करायची नसते. सतरा वर्षांत केली नाही, आज काय करणार.

कारखान्याच्या संघाकडून माझ्या चार हजार नऊशे एकोणसत्तर धावा झाल्या आहेत. पाच हजार आजवर कोणाच्याच झालेल्या नाहीत. एकतीस हव्यात. पूर्वी एकतीस धावा मी चहाच्या आधी काढायचो, आणि वर चहा दोनदा घ्यायचो.

ही स्कोअररच्या टेबलाशी होतीच. आमचं लग्न झालं त्या वर्षी संघाला स्कोअरर मिळेना, आणि हिचं अक्षर सुरेख, तेव्हापासून स्कोअरबुक हिच्याकडे. माझं शून्यही तितकंच सुरेख काढलं असणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेजारच्या लेथवर आमचा कीपर असतो. त्याला सगळे तोफ म्हणतात, कारण बोलतो तसा. आज सगळ्या टूलरूमला ऐकू जाईल असं म्हणाला, "बॅट उशिरा येतेय तुझी." मला काय ठाऊक नाही? चेंडू आत येतोय हे कळतं, काय करायचं तेही कळतं. बॅट पोचते तेव्हा तो गेलेला असतो.

दुपारी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, गेजच्या ऑर्डरचं काही असेल. तर म्हणाले, "तुमची शील्ड तयार आहे. पाच हजार कोरूनही आलंय. फायनलला देऊ, मोठे साहेब येणार आहेत." म्हणजे पितळेत पाच हजार झाले. मैदानात तेवढे व्हायचे राहिलेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रविवारच्या संघाची यादी लावली. आमच्याकडे हे काम शिपायावर सोपवत नाहीत. कप्तानाने स्वतः गेटजवळच्या फळ्यावर यादी टाचायची आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत शेजारी उभं राहायचं. ज्याला वगळलं तो येऊन विचारणार, त्याला तोंडावर कारण द्यायचं. पाठीमागून कोणाला काढलं, असं आमच्या कारखान्यात कोणी म्हणू शकत नाही. मला याचा अभिमान आहे.

स्वतःला तिसऱ्यावरून सहाव्यावर नेलं. तोफेला सांगितलं, मधली फळी भक्कम करायची आहे. तोफ काहीच बोलला नाही. तो गप्प बसला म्हणजे काय ते समजावं.

पेंटशॉपमधला पोरगा, ज्याला सगळे ब्रश म्हणतात, तो पुन्हा बारावा. कारखान्याच्या ब संघाकडून धावांच्या राशी रचतोय, दोन वर्षं आमच्यासाठी पाणी नेतोय. विचारायला आला. मी म्हटलं, "अनुभव लागतो." तो म्हणाला, "खेळल्याशिवाय तो कुठून येणार, कप्तान?" उद्धटपणे नाही म्हणाला, तेच वाईट. उद्धट असता तर झापला असता.

जेवण गार झालं होतं. तसंच खाल्लं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सात. त्यातल्या चार स्लिपच्या डोक्यावरून — त्याला फटका म्हणायला माझीच जीभ रेटत नाही. जिंकलो. चोवीस हव्यात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हिला सरळ विचारलं, "मी बाहेर बसावं का?"

"मी फक्त लिहिते."

"अगं, पण तुझं काही मत असेल ना?"

"स्कोअररला मत नसतं." आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एकाच टॉवेलची तीनदा घडी केली.

राग आला! माझा एकूण एक चेंडू जिने पाहिला, ती मूग गिळून बसणार? याचा अर्थ एकच. माझं संपलं असं हिलाही वाटतंय आणि सांगायला जीव धजत नाही. जेवताना मीठ मागितलं नाही. उठून स्वतः घेतलं. एवढाच काय तो सूड.

रविवार, १६ फेब्रुवारी

सेमीफायनल. माझ्या दोन. तोफेने ऐंशी ठोकल्या म्हणून निभावलं. शेवटी सगळे मला खांद्यावर घ्यायला धावले. कप्तान ना मी! झटकून टाकलं सगळ्यांना. दोन धावा करणाऱ्याला उचलून कंबर कशाला मोडून घ्यायची.

बावीस हव्यात. फायनलला होतील. नक्की होतील.

नक्की कशावरून, ते लिहायला बसलो तर सुचेना.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आमच्या टूलरूममध्ये काम तपासताना कारागिराच्या नावाची चिठ्ठी झाकतात. हा नियम मी आणला. त्यासाठी दोन वर्षं भांडलो, शिव्याही खाल्ल्या. चिठ्ठी झाकायची, मायक्रोमीटर लावायचा. मापात बसलं तर घ्यायचं, नाहीतर लाल पेटीत. मग ते कोणाच्या का हातचं असेना.

संध्याकाळी हिला म्हटलं, आठ फलंदाज आहेत, प्रत्येकाचे शेवटचे सात डाव कागदावर उतरवून दे. नावं घालू नकोस. एकदा माझ्याकडे बघितलं आणि दिले उतरवून; ब संघाचं बुकही हिच्याकडेच असतं.

सात जागा, आठ ओळी. सहा ओळींवर चटचट बरोबरच्या खुणा केल्या. उरल्या दोन.

४१, ५८, ९, ६६, ५०, २३, ७१.

३, १२, ०, ६, ०, ७, २.

दुसरी कोणाची ते ओळखायला नाव लागत नाही. स्वतःची शून्यं माणूस विसरत नसतो. पण समजा ओळखली नसती, तर? एका क्षणात लाल पेटी. वर त्या कारागिराला चार शब्द सुनावलेही असते.

पहिल्या ओळीतल्या धावा ब संघाकडून आहेत, तिथली गोलंदाजी मऊ, माझं नेतृत्व, स्लिपमधले माझे हात — सगळी कारणं काढून बघितली. चांगली कारणं आहेत. दुसऱ्या कोणी दिली असती तर मी एकही ऐकून घेतलं नसतं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मी मोठेपणाने सांगू लागलो की अगदी सहज बाहेर बसलो, तर हे पान दाखवता येईल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

यादी टाचली. ब्रश तिसऱ्यावर, कप्तान तोफ, आणि तळाशी बारावा म्हणून मी. मग रिवाजाप्रमाणे फळ्याशेजारी उभा राहिलो.

असली गर्दी सतरा वर्षांत झाली नव्हती. कँटीनवाला झारा हातात घेऊन आला. "कप्तान, कोणाला काढलंत?"

"मला."

"मग कारण विचारायला कोण येणार?"

"तू विचार की."

विचारलं त्याने! मी सांगितलं — सात डावांत तीस धावा, म्हणून. तो म्हणाला, "कारण योग्य आहे," आणि झारा हलवत निघून गेला.

तोफ आला. त्याला म्हणे कप्तानपद नको. घसा खाकरला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी माझ्या शेजारी उभा राहिला, सुट्टीचा भोंगा होईपर्यंत. ब्रश सगळ्यांत शेवटी आला. यादी दोनदा वाचली. "माझ्यामुळे तुमचे पाच हजार..." म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही, तुझ्या एकाहत्तरमुळे. जा, जेवून घे."

साहेबांनी बोलावून घेतलं. "अहो, बावीस धावांचा तर प्रश्न! शील्डचं काय करू मी आता?" मी म्हटलं, "आकडा घासून काढता येतो, साहेब. टूलरूममध्ये सोय आहे. मीच काढून देतो."

बाहेर पडलो तेव्हा मान ताठ होती. आजच्याइतका चांगला कप्तान मी कधीच नव्हतो. आणि हे मीच लिहितोय, कारण दुसरं कोणी लिहील याची खात्री नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

जिंकलो! दोन गडी राखून!

ब्रशच्या एकोणीसच. पण पडझड चालू असताना दीड तास उभा राहिला, अंगावर चेंडू घेतले. मी असतो तर? आत येणाऱ्या पहिल्याच चेंडूवर परतलो असतो. हे कबूल करताना आता त्रास होत नाही. थोडा होतो.

पाणी नेणं मोठं कष्टाचं काम आहे, याची कल्पना नव्हती. उरलेला वेळ हिच्या शेजारी टेबलाशी बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. काय काम करते! नजर हलत नाही. प्रत्येक खुणेला हात वर करून अंपायरला कळवते, मग लिहिते. एक चेंडू ब्रशच्या पॅडला लागून सीमेपार गेला. अंपायरने गुडघ्याला हात लावला. म्हणजे धावा संघाला, फलंदाजाला काही नाही. मी हळूच म्हटलं, "टाक ना त्याच्या नावावर. पहिलीच फायनल आहे बिचाऱ्याची." गंमत केली होती. ही एकदम लालबुंद झाली. पेन तसंच हवेत. मग "अवांतर चार" असं मोठ्याने म्हणून लिहिलं.

तोफेने चषक माझ्या हातात कोंबला. या वेळी खांद्यावर घेतलं, तेव्हा झटकलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी चहाचा कप ठेवून ही समोर बसली. म्हणाली, "लग्नाच्या पहिल्या वर्षी तुमच्या पॅडला लागून गेलेल्या धावा मी तुमच्याच नावावर लिहायचे. किती ते आठवत नाही. बऱ्याच होत्या. तुमचे पाच हजार झाले असते तर सगळ्यांसमोर उठून सांगावं लागलं असतं मला. खेळा म्हणवेना, खेळू नका म्हणवेना."

मी चहा संपवला. मग विचारलं, "आणि दुसऱ्या वर्षी का थांबलीस?"

"तोवर तुम्हाला खेळता यायला लागलं होतं."