विहिरीवरच्या पाळीचा प्रश्न

आदरणीय कानडे सर,

तुम्ही गेल्याचं तुमच्या घरून काकूंनी दिवाळीच्या सुट्टीत कळवलं, तेव्हा मला एक ओळही सुचली नाही. आज लिहावंसं वाटतंय, कारण आज कळमनुरीत अकरावीच्या वर्गावर अर्थशास्त्राची बाई म्हणून माझा पहिला तास झाला. ही बातमी तुमच्याआधी कुणाला सांगू?

दुष्काळाचं ते साल आठवतं का? हिंगोलीच्या कॉलेजात तुम्ही वर्गात आलात, पुस्तक टेबलावर पालथं घातलंत आणि म्हणालात, "आज व्याख्या न्हाई. आज अडचण. तुमच्या गावात पाणी कमी हाय. ते कुणाला, किती, कवा मिळावं? पाहून या, विचारून या. मग पुस्तक उघडू."

आम्ही चक्रावलो. परीक्षा तोंडावर आणि हे काय! तीन आठवडे नोट्स मिळाल्या नाहीत, तेव्हा आम्ही प्राचार्यांकडे अर्ज दिला : 'सर शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात.' त्यावर दुसरी सही माझी होती, सर. अजूनही आठवलं की कान गरम होतात.

तो अर्ज घेऊनच तुम्ही वर्गात आलात. वाटलं, आता काही आपली धडगत नाही. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अर्ज चांगला लिव्हलाय. पण नुसती तकलीफ सांगितली, उपाय कुठंय? तो बी लिव्हा." मग आम्हीच भांडून भांडून ठरवलं की तासाची शेवटची पंधरा मिनिटं नोट्स. तुम्ही ते बरोबर पाळलंत.

पाण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर एका ओळीचं होतं. दर घराला सारख्या घागरी!

"आठ माणसांच्या घराला आन् दोघांच्या घराला सारख्याच?" तुम्ही विचारलंत.

मी खोडून 'माणशी एक घागर' लिहिलं.

"घागर उचलणारीला विचारलंस व्हय?"

नव्हतं विचारलं. आणि ती उचलणारी तर माझी आईच होती! शिरड शहापूरला आमच्या बौद्ध वस्तीत एकच विहीर, तिच्यात पाणी झिरपायचं वाटी-वाटीनं. रविवारी घरी गेले आणि आईला विचारलं.

"पाणी पुरून जातं गं लेकरा," ती म्हणाली. "येळ पुरंना. पाळी येईस्तोवर खडीच्या कामावरली हजेरी होऊन जाते. मुकादम माघारी धाडतो."

मी वहीत घागरी मोजत बसले होते, आणि आईचा अख्खा दिवस त्या रांगेत जात होता.

त्या संध्याकाळी आईनं वस्तीतल्या बायका जमवल्या. कामावर न जाणाऱ्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "आमी दिवसा तुमच्या घागरी भरून ठिऊ." कामावर जाणाऱ्या म्हणाल्या, "आमी येताना तुमाला सरपण आणू." झालं! पण आठवड्यात भांडण पेटलं. कुणाची मोळी मोठी, कुणाची चार काटक्यांची. मी रडकुंडीला येऊन तुमच्याकडं आले, तर तुम्ही काय खुश झालात! म्हणालात, "आता खरा धडा सुरू झाला. जा, त्याच बायांना विचार." बायकांनी मोळीला एक दोरी ठरवली, सगळ्यांना एकाच मापाची. त्या उन्हाळ्यात आईची हजेरी पुन्हा चुकली नाही.

मग तुम्ही पुस्तक उघडलंत. एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं, हे त्या पानावर लिहिलं होतं, पण मला ते पाठ करावंच लागलं नाही.

एक तक्रार मात्र आहे. 'शाबास' म्हणून एकदा तरी म्हणायचंत की! दर वेळी आपलं, "बरं, पुढं?" आणि छातीचं दुखणं आम्हाला कळूही दिलं नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आम्हीही एक साधा प्रश्न विचारायला हवा होता : सर, तब्येत कशी आहे?

पण आज रडायचं नाहीये. आज तास छान झाला. मी पोरांना म्हटलं, तुम्हाला पडलेला एखादा प्रश्न सांगा. एक मुलगी उठली. "बाई, वारंगा फाट्यावर तीन हॉटेलं एकमेकाला खेटून हायेत, तिन्हीकडं भजेच. लांब लांब काहून न्हाई टाकली?"

मला उत्तर येत नाही, सर. वचन देते, येतंय असं सोंग मी कधी करणार नाही. शनिवारी सगळ्यांना घेऊन फाट्यावर जाणार आहे. तिन्ही हॉटेलवाल्यांना विचारू, आणि तिन्हीकडची भजीही खाऊन पाहू.

तुमची विद्यार्थिनी,
सुशीला