आठाला त्रेचाळीस

बाबा, आपल्या जीपचं मागचं डिफरन्शियल, मागची चाकं फिरवणारी ती दात्यांची पेटी, काल गेलं. मुरबाडच्या बाजारातून आईला घेऊन येत होतो, मागून कडाकड आवाज आला आणि गाडी जागीच बसली. ओढून शहापूरला तुझ्याच मेस्त्रीकडे नेली. त्याने झाकण उघडलं तर तेलात चक्रांच्या दातांचे तुकडे. म्हातारा झालाय आता, पण हात तसाच. मला म्हणाला, "नवीन जोड लागंल. कोनचा टाकू रे, हळूचा का पळाचा?" एवढा साधा प्रश्न, आणि मी आईकडे बघितलं.

हे दातांचं गणित तूच शिकवलंस. अंगणात मागचं एक चाक जॅकवर चढवलेलं, चाकावर आणि इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर तुझी खडूची रेघ. मी चाक एकदा फिरवतो, शाफ्टचे फेरे मोजतो आणि ऐटीत सांगतो, पावणेतीन. तू टपली मारतोस. "दुसरा चाक जमिनीवर हाय ना? मंग दोनदा फिरव, तवा खरा आकडा." दोनदा फिरवल्यावर शाफ्ट पाच वेळा पूर्ण फिरून आणखी थोडा जातो. जोडातल्या लहान चक्राला, पिनियनला, आठ दात; मोठ्याला, क्राउनला, त्रेचाळीस. शाफ्टचे पाच फेरे तेव्हा चाकाचा एक, त्यामुळे गाडी रस्त्यावर रडतखडत चालायची, पण नदीकाठच्या आपल्या गावातून वर रस्त्याला लागणारी ती दगडांची चढण भरल्या गाडीने चढायची. दुसऱ्या कुणाची जीप खाली यायलाच धजत नव्हती. गावातला आजारी माणूस, बाळंतीण, सगळी तुझ्याच गाडीतून वर गेली.

तो जोड झिजला तेव्हा तू मला कल्याणला भंगारवाल्याकडे धाडलंस. "आठ-त्रेचाळीसच आन. नाय मिळला तर तसाच ये." मी बावीस वर्षांचा. हायवेला भाडं मारताना टेम्पोसुद्धा मला मागे टाकून जायचे, आणि मला त्याची भयंकर लाज वाटायची. मी अकरा-सत्तेचाळीस आणला, पळणारा. हळूचा मिळालाच नाही म्हणालो. तू तो जोड उलटापालटा करून बघितलास, कपाळाला आठ्या घातल्यास, आणि म्हणालास, "बरं. दुसरा मिळला का बदलू." त्यानंतर चार महिने मी हायवेला नुसता उडत होतो; चढण रिकामी गाडी कशीबशी चढायची.

आणि मग ती दुपार. तुझ्या छातीत कळ येते, आम्ही तुला मागच्या सीटवर आडवं करतो, आणि अर्ध्या चढणीवर गाडी दम टाकते. माणसं उतरून ढकलतात. मी क्लच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. जळका वास सुटतो आणि गाडी मागे सरकायला लागते. शेवटी तुला घोंगडीत घालून चौघांनी वर नेलं. तुझं डोकं आईच्या मांडीवर, रस्त्याच्या कडेला, आणि दुसरी गाडी काही येईना. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "रडू नको रे. दुसरा मिळला नाय, त्याला तू काय करशील." शहापूरला पोचलो तेव्हा तू गेला होतास. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तुझं ते वाक्य आई आजवर सगळ्यांना सांगत आली आहे. कुणी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं तरी ती मध्ये पडते. कालही मेस्त्रीच्या स्टुलावर बसून म्हणाली, "तवा हळूचा मिळला नाय हो, नायतर माजा पोरगा बापाला वर काढल्याबिगर राह्यला नसता." मेस्त्री म्हणाला, "आता चढन कुठं राह्यली? सिमेंटचा रस्ता झाला. पळाचाच टाक." त्याचं बरोबर होतं. मी म्हणालो, आठ-त्रेचाळीस टाका. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बापाचा शब्द राखलास रे." मी गाडीखाली काहीतरी बघायच्या निमित्ताने वाकलो आणि रडलो.

बाबा, कल्याणला दोन्ही होते. एकाच फळीवर, शेजारी शेजारी. हळूचा मी हातात घेतला होता, आणि परत ठेवला.

आई बाहेर ओट्यावर तांदूळ निवडते आहे. मघाशी तिने विचारलं, काय लिहितोस रे एवढं? म्हटलं, गाडीचं काम. तिला वाचता येतं, म्हणून हा कागद घरात राहणार नाही. तुला सांगायला मला भीती वाटली नाही, कारण तू ऐकणार नाहीस. ती ऐकेल.