पोत्याच्या पडद्याआडचं मत

गुरुजी,

निकाल लागून तीन आठवडे झाले, तरी मी रोज सकाळी उठलो की आधी बाहेर जाऊन टेम्पो जागेवर आहे का ते बघतो. टेम्पो माझ्या मुलाचा आहे, पण त्यात जे दुधाचे कॅन चढतात ते डेअरीचे, आणि डेअरीच्या चेअरमनची मर्जी फिरली की कॅन दुसऱ्याच्या गाडीत चढायला वेळ लागत नाही. सून म्हणते, "आबा, तुमी लई इचार करता, त्यानंच साखर वाढती." तिचं खरं असेल. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पाढे पाठ असले तरी माझं नाव पुकारलं की माझ्या तळहाताला घाम यायचा आणि पाटी हातातून निसटायची. सत्तरी ओलांडली, अजून तसंच आहे. घरात कोणाशी बोलता येत नाही असं एक माझ्याकडून घडलं आहे आणि ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी आठवत नाही. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, म्हणजे तुमच्याकडून बाहेर फुटायचीही भीती नाही.

आधी बातमी सांगतो. देशाची निवडणूक झाली. सरकार पुन्हा आधीच्यांचंच आलं, पण आता त्यांना दुसऱ्यांचा हात धरून बसावं लागलं आहे. समोरच्या बाकांवरची माणसं एकदम वाढली. निकालाच्या आधी टीव्हीवाले असं बोलत होते की समोरची बाकं उचलून अडगळीत टाकली तरी चालतील. आपल्या इकडची जागाही विरोधकांनी घेतली. मी दुपारभर टीव्हीसमोर बसून होतो. आकडे वर-खाली होत होते, मला ते सगळे कळत नव्हते, पण एक कळलं. या देशातल्या माणसांना कोणी गृहीत धरलं तर ती भांडत नाहीत, ओरडत नाहीत, गप रांगेत जाऊन उभी राहतात. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, गुरुजी. आणि पहिली आठवण झाली ती पोत्याच्या पडद्याची.

आम्ही पाचवीत. शाळेचं मंत्रिमंडळ निवडायचं म्हणून तुम्ही रॉकेलचा रिकामा डबा वरून फट पाडून आणला होतात. वर्गात चौतीस पोरं. उभे दोघं, पाटलाचा मुलगा आणि सुताराची मुलगी. प्रत्येकानं चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायची. पाटलाचा मुलगा डब्याशेजारी उभा होता आणि आम्ही एकेक जण चिठ्ठी टाकण्याआधी ती उघडून त्याला दाखवत होतो. त्यानं मागितलंही नव्हतं. गावात जत्रेचा नारळसुद्धा आधी पाटलाला दाखवून फोडायचा अशी रीत, मग चिठ्ठी तशीच कशी टाकायची? मोजणी झाली. सगळी मतं पाटलाच्या मुलाला. सुताराच्या मुलीनं स्वतःचं मतसुद्धा त्यालाच दिलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र डबा उलटा करून सगळ्या चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या आणि मला उभं केलंत, कारण मी पहिल्या बाकावर होतो.

"तुझ्या घराला दार आहे का रे?"

"न्हाई, गुर्जी."

आमची वस्ती शिंगणापूरच्या शिवेला लागून. तिथली रीत आम्हीही पाळतो, घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी आडवी लावायची, एवढंच. तुम्ही अकोल्याकडचे. नवीन आलात तेव्हा भाड्याच्या खोलीला दार नाही म्हणून पहिली रात्र सायकल खाटेच्या पायाला बांधून झोपला होतात. ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि तुम्ही आमच्याबरोबर हसायचात. त्या दिवशी मात्र हसला नाहीत.

"घराला दार नाही ते चांगलं आहे," तुम्ही म्हणालात. "पण मताला दार पाहिजे. दाखवून टाकलंस की ते तुझं राहिलं नाही, ज्यानं बघितलं त्याचं झालं. आणि चौतीसच्या चौतीस एकालाच दिलीत, मग त्याला प्रश्न कोण विचारणार? मी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही धान्याचं रिकामं पोतं दोरीवर टाकून कोपऱ्यात पडदा केलात. पुन्हा मतदान. पाटलाचा मुलगाच निवडून आला, पण सुताराच्या मुलीला सहा मतं पडली. तुम्ही तिला समोरच्या बाकावर एकटीला बसवलंत आणि सांगितलंत, दर शनिवारी सकाळच्या शाळेत ही प्रश्न विचारणार आणि त्यानं उत्तर द्यायचं. पहिल्या शनिवारी ती उठली, परकर सावरला आणि म्हणाली, "पान्याचा रांजन तीन दिस रिकामा का हाय?" सोमवारी आम्ही आलो तर रांजण काठोकाठ भरलेला. पाटलाचा मुलगा स्वतः आडावरून पाणी शेंदून आणत होता.

आता या वेळचं सांगतो. मतदानाच्या आधीच्या शनिवारी चेअरमननं वस्तीतल्या घरटी एका गड्याला मारुतीच्या देवळापुढं बोलावलं. हा चेअरमन म्हणजे त्याच पाटलाच्या मुलाचा मुलगा. त्याचा बाप चार वर्षांपूर्वी गेला. शिंगणापूरहून त्यानं तेलाचा डबा आणला होता. एकेकानं पुढं यायचं, पळीभर तेल तिथल्या शनीच्या शिळेवर वाहायचं आणि शब्द द्यायचा की आमचं घर सरकारच्या बाजूनं. "आपल्या बूथवरनं एक मत जरी हिकडचं तिकडं झालं तरी मला कळतं," असं तो हसून म्हणाला. हसून म्हणाला, पण बघितलं माझ्या मुलाच्या टेम्पोकडं. माझी पाळी आली. निम्मं तेल धोतरावर सांडलं. शब्द दिला मी.

आणि मोडला. का मोडला म्हणाल, तर कांदा परदेशात जायचा बंद केला आणि साठवणीच्या चाळीत आमच्या कांद्याला कोंब फुटले, हे एक कारण आहे. पण तेवढंच नाही. टीव्हीवर सगळे एकच बोलत होते, देवळापुढं सगळे एकच बोलत होते, आणि मला राहून राहून तो डबा दिसत होता, चौतीसच्या चौतीस चिठ्ठ्यांचा.

मतदान आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात. आता चिठ्ठी नाही, मशीन आहे. बटण दाबलं की शिट्टीसारखा आवाज होतो. शेजारी आणखी एक पेटी असते, तिच्या काचेत आपण कोणाला दिलं त्याची चिठ्ठी दिसते, जरा वेळ थांबते आणि आत पडते. मागच्या खेपेला भीती नव्हती, म्हणून तिकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. मी बटण दाबलं, काचेत दिवा लागला आणि चिठ्ठी आली, आणि मला वाटलं ही आता साऱ्या खोलीला दिसणार. चेअरमनचा एजंट तिथंच बाकावर बसलेला. मी डोक्यावरची टोपी काढली आणि काचेवर दाबून धरली. मतदानाचे साहेब तिकडून ओरडले, "ओ बाबा, टोपी काय वाळत घालताय तिथं?" सगळी खोली हसली. एजंटही हसला, पण त्याची नजर माझ्यावर राहिली. बाहेर आलो आणि शाळेच्या पायरीवरच बसलो. झाकतो त्याच्याकडंच झाकण्यासारखं काही असतं, हे कोणाला कळत नाही?

तेव्हापासून दोन भीती. एक शनिदेवाची, दुसरी चेअरमनची. पहिलीचा मी विचार करून निकाल लावला. ज्या देवानं आमची घरं बिनदाराची ठेवली, त्याला घरात काय चाललंय ते पहिल्यापासून दिसतंच आहे. धाकानं घेतलेला शब्द त्यालाही दिसला असेल. दुसरीचा निकाल माझ्या हातात नव्हता.

निकालानंतर आठवड्यानं बूथवार आकड्यांचा कागद आला. सकाळी डेअरीवर दूध घालायला आम्ही सगळे उभे. चेअरमननं कागद वाचला, पुन्हा वाचला. मला वाटत होतं तिकडं एकच मत दिसेल, माझं, भाकरीत खडा लागावा तसं. पण आमच्या वस्तीच्या बूथवर निम्म्याहून जास्त मतं विरोधकांना होती.

"तेल वाहिलं व्हतं का न्हाई समद्यांनी?" चेअरमन म्हणाला. "मंग ही मतं कुठनं आली? मशीन येडं झालं का?"

"मशीनला कुठं तेल लावलं व्हतं, चेअरमन," मागून कोणीतरी बोललं. हसू फुटलं, पण लगेच दबलं, कारण चेअरमन माझ्याकडं वळला होता.

"आबा, तुमी त्या दिवशी टोपीनं काच कशापायी झाकली?"

मी हातातली किटली खाली ठेवली. मुलगा टेम्पोत कॅन चढवत होता, तो जागच्या जागी थांबला. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो देव जाणे.

"त्याला काय इचारतो?" रांगेतून सुताराची मुलगी बोलली. आता तीही म्हातारी आहे. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, दोन म्हशी आहेत. गावची लेक म्हणून चेअरमनच्या वयाचे सगळे तिला आत्या म्हणतात. "टोपीनं झाकू दे न्हाईतर धोतरानं झाकू दे. तू घरटी एक गडी बोलावलास आन् मतं धरलीस समद्या घराची. आमा बायांना तेल वाहायला बोलावलं व्हतंस का?"

"आत्या, मंजी बायांनी दिलं तिकडं?"

"म्या न्हाई सांगायची. आन् समज दिलं. मंग आमचं दूध घेनार न्हाईस? निम्म्या वस्तीचं घेऊ नगंस. कॅनमदी काय वतशील, तेल?"

या वेळी हसू दबलं नाही. चेअरमनलाही थोडं आलं.

"तुज्या बापाला इचारलं व्हतं म्या, रांजन रिकामा का म्हनून," ती म्हणाली. "त्या इचारन्यानं मेला न्हाई तो. रांजन भरला. लई चांगला मानूस निघाला म्होरं."

चेअरमन कागदाची घडी घालत राहिला, बारीक बारीक, मग ती खिशात ठेवली. "चला, फॅट लावा, उशीर हुतोय," म्हणाला. कॅन आमच्याच टेम्पोत चढले. तीन महिने जळून पडलेल्या विजेच्या डीपीसाठी त्यानं त्याच दुपारी वीज मंडळाच्या साहेबाला फोन लावला, आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. पाच दिवसांत नवीन डीपी बसली. विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मुलानं एकदा टेम्पो धुताना माझ्याकडं न बघता म्हटलं, "म्या इचारत न्हाई आबा, तुमी बी मला इचारू नगा." मी बरं म्हटलं.

तरी मी सकाळी उठून टेम्पो बघतोच, ती सवय जाणार नाही. पण आता एकदा बघितला की आत येऊन चहा घेतो. एका माणसाचा टेम्पो बंद करता येतो, निम्म्या वस्तीचं दूध नाही बंद करता येत. दिल्लीतही असंच काही झालं असणार, मोठ्या मापानं. तिथंही आता कोणीतरी समोरच्या बाकावरून उठून रांजणाचं विचारेल. विचारलं की भरावा लागतो. हे मी पाचवीत बघितलं आहे, म्हणून मला त्याची काळजी वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते.

हा कागद नातवाच्या वहीचा आहे. लिहून झाला की तुम्ही दिलेल्या कंपासपेटीत ठेवणार. सहावीतून मी शाळा सोडली, बाप गुरांमागं घेऊन निघाला होता, तेव्हा तुम्ही वस्तीवर येऊन ती माझ्या हातात दिलीत. आमच्या घरात खटका लावून बंद होणारी ती पहिली वस्तू. आई घाबरली होती, देवाला चालेल का म्हणून. माझं मतदानाचं कार्ड आजही तीत असतं. ती पेटी देताना तुम्ही म्हणालात, "त्या सहांत तू होतास असं मी धरून चालतो. विचारणार नाही." आणि खरंच कधी विचारलं नाहीत. परवा डेअरीवरून परत येताना सुताराच्या मुलीनंही तेच म्हटलं, "त्या साहातला तू, मला तवाच ठावं व्हतं." मी मान हलवली. तशीच तुमच्यापुढंही हलवली होती.

गुरुजी, पोत्याला खाली एक भोक होतं. चिठ्ठी लिहिताना मला त्यातून पलीकडं उभ्या पाटलाच्या मुलाचे पाय दिसत होते, आणि मला वाटलं, मला ते दिसतात तर त्यालाही मी दिसत असणार. मी त्याचंच नाव लिहिलं. चांगल्या अक्षरात.